कोळशाच्या कापडाला उन्हाची नजर!

वजनाला पोलादाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं आणि भावाला मात्र डोळे पांढरे करणारं कार्बन फायबर स्पोर्ट्‌स कारच्या अंगावर मोठ्या दिमाखात मिरवतं. पण बेंगळुरूच्या उन्हात त्याची चमक एकदा उतरली की ती परत आणणं हे नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं काम राहत नाही. विमानांच्या या शहरात हा नाजूक उद्योग कसा चालतो, त्यातली मेख कुठे आहे आणि धोका नेमका कुणाच्या फुफ्फुसाला?

रविवारी भल्या पहाटे बेंगळुरूहून नंदी हिल्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहावं. जमिनीला पोट टेकल्यासारख्या बुटक्या, रुंद गाड्या गुरगुरत निघून जातात. कुणी पिवळीजर्द, कुणी लालभडक. पण जाणकारांची नजर रंगावर नसते. ती जाते बॉनेटवर, मागच्या पंखावर, पुढच्या बंपरखाली बाहेर आलेल्या काळ्या ओठावर. तिथे रंगच नसतो! काचेखाली ठेवल्यासारखं विणलेलं काळं कापड दिसतं. ऊन तिरपं पडलं की त्यातला एक धागा चमकतो, शेजारचा अंधारात जातो. हेच ते कार्बन फायबर. काही कंपन्या रंगाऐवजी हा उघडा काळा भाग हवा असेल तर गाडीच्या किमतीवर आणखी काही लाख लावतात आणि हौशी गिऱ्हाईक ते आनंदाने मोजतं.

चार-पाच वर्षं जातात. एके दिवशी गाडी धुऊन कोरडी केली तरी बॉनेटवर दुधाची साय धरल्यासारखा पांढुरका थर राहतो. ओलं असेपर्यंत दिसत नाही, वाळलं की पुन्हा हजर. मग कडेने पिवळट छटा येते. पॉलिशचा डबा रिकामा झाला तरी फरक पडत नाही. शेवटी कुठल्या तरी कोपऱ्यात वरचा पारदर्शक थर सोलवटायला लागतो, आणि मालक हवालदिल होतो.

पत्र्याची गाडी असती तर काळजी नव्हती. ठोकून सरळ करायची, लांबी भरायची, घासायची, रंगाचे दोन हात मारायचे. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत गाडीचा हरएक सुटा भाग मिळतो आणि पत्रा ठोकणारे उस्तादही मिळतात. या शहराचं एक आवडतं वाक्य आहे, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे जरा सांभाळून घ्या. बसमधली जागा असो की दुकानातली उधारी, सगळीकडे ते चालतं. कार्बन फायबर मात्र कणभरही अ‍ॅडजस्ट करत नाही. त्याला पोचा पडतच नाही. एक तर ते पूर्ववत होतं, नाही तर तुटतं. मधली अवस्था नाही. हातोडा इथे कामाचा नाही.

स्वेटरच्या लोकरीचं चुलत भावंडं

हे द्रव्य आहे तरी काय? हिवाळ्यात घरोघर विणल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिक लोकरीशी त्याचं थेट नातं आहे. दोन्हींचा कच्चा माल एकाच घराण्यातला, पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाचा. त्याचे अतिबारीक धागे काढून आधी हवेत दोन-तीनशे अंश सेल्सिअसला तापवतात. मग प्राणवायू अजिबात नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर नेतात. प्राणवायू नाही म्हणून धागा जळून राख होत नाही. त्यातली बाकीची द्रव्यं उडून जातात आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. असा एक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तीन हजार तंतूंची एक चपटी लड करतात आणि अशा लडी मागावर विणतात. गाडीवर जी तिरपी नक्षी दिसते ती ट्विल विणीची. जीन्सच्या कापडावरच्या तिरप्या रेघा आठवा, तोच हा प्रकार!

पण नुसतं कापड म्हणजे गाडी नव्हे. ते रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर लावतात. हे रेझिन बहुतेक वेळा इपॉक्सी. कपाचा तुटलेला कान चिकटवायला आपण घरात दोन ट्यूबा पिळून जे अराल्डाइट कालवतो, तेही इपॉक्सीच. वरून प्लॅस्टिकची पिशवी लावून आतली हवा खेचून घेतात आणि उत्तम प्रतीचा भाग असेल तर तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्यामोठ्या प्रेशर कुकरमध्ये, दाबाखाली शिजवतात. बाहेर येतो तो भाग पोलादाच्या पाचपट हलका. पोलादाची घनता सुमारे ७.८, अ‍ॅल्युमिनियमची २.७, तर याची १.६ च्या आसपास.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की ताकद कार्बनच्या धाग्याची आणि दुखणं रेझिनचं. ऊन, पाणी, उष्णता, रसायनं यांचा मार खातं ते रेझिन. धाग्याला त्यातलं फारसं काही होत नाही.

वालचंदांच्या कारखान्यापासून तेजसपर्यंत

या कहाणीत बेंगळुरू का, याचं उत्तर सोलापुरात सापडतं! सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीने इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. पुढे ती सरकारकडे गेली आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे 'एचएएल' झाली. १९५९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा, जिला सगळे 'एनएएल' म्हणतात, तीही लवकरच दिल्लीहून इथे आली. विमान जितकं हलकं तितकं बरं, त्यामुळे धागा आणि रेझिन यांच्या या नव्या संसाराकडे इथल्या शास्त्रज्ञांचं लक्ष जाणं ओघानेच आलं. एनएएलचं 'हंसा' हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचा सांगाडा काचतंतूंचा होता. मग आलं तेजस. ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरूच्या आकाशात पहिली झेप घेणाऱ्या या लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग कार्बन फायबरसारख्या संमिश्र द्रव्यांचा आहे, आणि बाहेरून हात लावाल तर नव्वद टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग त्याचाच.

मोटारींच्या जगात हे द्रव्य गाजलं १९८१ मध्ये. मॅक्लारेन कंपनीने जॉन बर्नार्ड यांच्या आराखड्यानुसार फॉर्म्युला वन शर्यतीची गाडी बनवली, तिचा सगळा गाभा कार्बन फायबरचा. हे काळं प्लॅस्टिक धडकेत भुगा होईल, अशी कुजबुज होती. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसन यांची गाडी भीषण आपटली, इंजिनासकट मागचा भाग तुटून वेगळा झाला आणि वॉटसन आपल्या पायांनी चालत बाहेर आले. कुजबुज थांबली! पुढे १९८७ ची फेरारी एफ-४०, १९९२ ची मॅक्लारेन एफ-१ अशा रस्त्यावरच्या गाड्यांत ते उतरलं आणि श्रीमंतांच्या गॅरेजमध्ये पोचलं.

बेंगळुरूला पत्रा सोडून दिलेल्या गाड्यांचं तसं वावडं कधीच नव्हतं. इथल्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आणली. तिचं अंग फायबर ग्लासचं, हृदय रेनोचं सुमारे साडेअकराशे सीसीचं आणि जन्म गोव्यातला. २००१ मध्ये आलेल्या 'रेवा' या विजेच्या चिमुकल्या गाडीचं अंग प्लॅस्टिकचं. दोन्ही गाड्या बाजारात फार तग धरू शकल्या नाहीत, पण पत्र्याशिवायही गाडी असू शकते हे शहराला त्यांनी दाखवलं.

हवा गार, ऊन कडक

तेजसच्या कार्बनला जो त्रास होत नाही तो स्पोर्ट्‌स कारला का व्हावा? कारण साधं आहे. विमानाला रंग असतो. रंगातली भुकटी ऊन अडवते, खालचं रेझिन सावलीत राहतं. गाडीवाल्याला मात्र वीण दाखवायची हौस! त्यामुळे वर फक्त पारदर्शक क्लिअर कोट. त्याने उजेड आत सोडायचा, पण उजेडातली अतिनील किरणं तेवढी अडवायची, असं दुहेरी काम त्याच्यावर येतं. त्यासाठी त्यात किरणं शोषणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती हळूहळू संपत जातात. संपली की किरणं सरळ इपॉक्सीवर. इपॉक्सी पिवळं पडतं, मग खडूसारखं भुरभुरतं. जुन्या अराल्डाइटचा सांधा पिवळा झालेला अनेकांनी घरात पाहिला असेल. फक्त इथे त्या सांध्याची किंमत लाखात असते, एवढाच फरक.

बेंगळुरूची हवा फसवी. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर असल्यामुळे वारा गार लागतो, आणि ऊन सौम्य आहे असं वाटतं. प्रत्यक्षात उंची वाढली की अतिनील किरणं वाढतात. शिवाय शहर विषुववृत्तापासून अवघ्या तेरा अंशांवर. एप्रिलच्या शेवटी आणि ऑगस्टच्या मध्यानंतर असा वर्षातून दोनदा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. बॉनेट आणि टप या आडव्या भागांचं त्या दिवसांत काय होत असेल! काळा पृष्ठभाग उन्हात सहज सत्तर अंशांच्या घरात तापतो. कारखान्यात दाबाखाली शिजवलेल्या भागाला ते पेलतं. पण गल्लीत हाताने रेझिन फासून, साध्या हवेवर वाळवलेलं स्वस्तातलं बॉनेट या तापमानाला मऊ पडायला लागतं. विणीचे उंचवटे वर उठून येतात आणि आरशासारखा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो.

भरीला पाणी. अर्ध्या शहराला बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी वापरावं लागतं, आणि ते जड असतं. उन्हात गाडी धुतली की थेंब जागेवर सुकतो, क्षारांची वर्तुळं मागे राहतात आणि क्लिअर कोटमध्ये रुतून बसतात. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाई इतकी वाढली की शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड जाहीर केला. त्या वेळी कोरड्या फडक्याने धूळ पुसणाऱ्या मालकांनी आपल्याच हाताने बारीक ओरखड्यांची जाळी विणून घेतली, ते वेगळंच. आणि उद्याननगरीतली झाडं? त्यांच्या सावलीत गाडी लावावी तर वरून पाखरांची शिट! ती उन्हात वाळली की क्लिअर कोट चक्क खाऊन टाकते.

पाणी काळं झालं की हात थांबवा

आता मुख्य काम. गाडी गॅरेजमध्ये आली की चांगला कारागीर पहिल्या दिवशी पॉलिश पेपरला हातही लावत नाही. आधी धुणं, मग मातीच्या गोळ्यासारख्या चिकट क्लेने पृष्ठभागावरचा चिकटलेला कचरा उचलणं, आणि मग निरीक्षण. पिवळेपणा वरच्या क्लिअर कोटमध्ये आहे की खाली रेझिनमध्ये? हे कळण्यावर पुढचं सगळं अवलंबून. वरचा थर नुसता मळला, ओरखडला असेल तर बफिंगवर भागतं. तो मेला असेल तर काढावाच लागतो.

मेख अशी, की क्लिअर कोट असतो साधारण पन्नास मायक्रॉनचा, कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. पत्र्यावर रंगाची जाडी मोजायचं यंत्र बहुतेक गॅरेजमध्ये असतं. पण ते लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुणधर्मावर चालतं, कार्बन फायबरवर त्याचा भरवसा नाही. इथे ध्वनिलहरींवर चालणारं महागडं यंत्र लागतं. ते नसेल तर सगळी भिस्त हाताच्या अंदाजावर.

थर काढायला रंग उतरवायचं रसायन वापरायचं नाही, हा पहिला नियम. पत्र्यावरचा रंग फुगवून काढणारं ते द्रव्य रेझिनलाही सोडत नाही. वाळूचा फवाराही बाद. उरतो पाण्याचा पॉलिश पेपर आणि संयम. सहाशे नंबरच्या आसपास सुरुवात, खाली मऊ ठोकळा, हात एकसारखा. घासताना पाण्यावर दुधाळ पांढरा रंग येत राहतो. तो आहे क्लिअर कोट. पाण्यात काळपट छटा दिसली की त्या क्षणी हात थांबवायचा! कारण ती छटा म्हणजे कार्बन. तिथे धागा कापला गेला. धागा कापला की त्या जागी नक्षीत कायमचा डाग पडतो, आणि वरून कितीही लॅकर ओता, तो लपत नाही. कडा आणि वळणं ही सगळ्यात धोक्याची ठिकाणं. तिथे थर आधीच पातळ असतो आणि बोटांचा दाब नकळत वाढतो. म्हणून जाणते कारागीर कडांना आधी चिकटपट्टी लावतात आणि त्या अगदी शेवटी, नुसत्या बोटाच्या पेराने घासतात.

घासून झालं की दुसरं संकट उभं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, साच्यात अडकलेल्या हवेची. वरून लॅकर मारून भाग गरम केला की आतली हवा फुगते, बुडबुडा येतो आणि फुटतो. त्यामुळे आधी पातळ पारदर्शक इपॉक्सी छिद्रांत भरून पुन्हा घासावं लागतं. नेहमीची लांबी इथे कामाची नाही, ती अपारदर्शक! आणि मालकाने आदल्या वर्षी हौसेने चोपडलेलं सिलिकॉनचं चकाकी पॉलिश? त्याचा अंश जरी राहिला तरी ताजा लॅकर तिथून पळ काढतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. दोन-दोनदा, वेगवेगळ्या फडक्यांनी पुसल्याशिवाय स्प्रे गन हातात घ्यायची नाही, ती यासाठी.

मग लॅकरचे दोन किंवा तीन हात. घाई करून एका दमात जाड थर मारला की आतला थिनर कोंडतो. दोन हातांमध्ये थांबायचं, बोटाला चिकटणार नाही इतपत वाळू द्यायचं. जुन्या पद्धतीच्या पत्र्याच्या गाडीला भट्टीत जितकं तापवतात तितकं इथे तापवायचं नाही. नेमकं किती, हे त्या भागाचं रेझिन किती तापमानाला शिजवलं होतं यावर ठरतं, आणि सुट्या बाजारातून आणलेल्या बॉनेटबद्दल ते बहुधा कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मंद आच, जास्त वेळ. काही दिवस तसंच ठेवून मग दीड-दोन हजार नंबरच्या पेपरने सपाट करून बफिंग. एका बॉनेटला आठवडा सहज जातो. उद्या देतो म्हणणाऱ्या गॅरेजपासून चार हात दूर राहिलेलं बरं.

नाण्याचा आवाज

चमक हा एक भाग झाला. त्याहून गंभीर प्रश्न वेगळा आहे. चमकत्या थराखाली भाग मोडलेला तर नाही ना?

बेंगळुरूचे हंप प्रसिद्ध आहेत. बुटक्या गाडीचा पुढचा कार्बनचा ओठ त्यांना घासतो, आपटतो. वरून दिसतो एक ओरखडा. पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात, वहीची पानं शिवण उसवून वेगळी व्हावीत तशी. रोल्स-रॉइससारख्या कंपनीलाही या द्रव्याने हात दाखवला होता. विमानाच्या आरबी-२११ इंजिनाची पाती त्यांनी कार्बन फायबरची केली, पण पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत. पाती टायटॅनियमची करावी लागली, खर्च हाताबाहेर गेला आणि १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. शेवटी ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली.

विमानाच्या हँगरमध्ये या लपलेल्या जखमा ध्वनिलहरींनी शोधतात. पण एक सोपी युक्ती तिथेही चालते. एखादं नाणं घेऊन पृष्ठभागावर हलकेच टकटक करत जायचं. भाग धड असेल तर आवाज खणखणीत, थर सुटले असतील तर बद्द. बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवून पाहणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे शिकवावं लागणार नाही!

बद्द आवाज आला तर दुरुस्ती आहे, पण ती सुताराच्या सांध्यासारखी. तुटका भाग कापून त्याच्या भोवती लांबवर उतार घासायचा, खालचे थर जितके तितकेच नवे, धाग्यांची दिशा मूळच्यासारखी ठेवून बसवायचे आणि हवा खेचून शिजवायचे. ताकद परत येऊ शकते, नक्षी क्वचितच जुळते. मग एक तर सगळ्या बॉनेटवर शोभेचा नवा थर चढवायचा किंवा निमूट रंग मारायचा. रंगाने बॉनेटची शान गेली असं कुणाला वाटलं तरी तो भाग उन्हापासून वाचतो, हे खरं आहे.

बॉनेट, पंख, आरशाचं टोपण हे शोभेचे भाग झाले. पण ज्या गाड्यांचा प्रवासी बसतो तो गाभाच कार्बनचा आहे, लॅम्बोर्गिनीची २०११ ची अव्हेंटाडोर किंवा मॅक्लारेनच्या गाड्या, तिथे तडा गेला तर गल्लीतल्या कारागिराने त्याला हात लावू नये आणि मालकाने त्याला लावू देऊ नये. चाकांचंही तेच. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर नव्याकोऱ्या लॅकरवर भाळण्याआधी तो आत्ताच का मारला, हे विचारावं. अपघातानंतर तडे बुजवून वरून चकचकीत लॅकर मारणं अवघड नाही, आणि डोळ्यांना ते कळतही नाही.

दम कुणाचा लागतो?

या सगळ्या झगमगाटात एका माणसाकडे फारसं कुणी बघत नाही. स्प्रे गन धरणारा. टिकाऊ लॅकरमध्ये जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवाऱ्याबरोबर ती श्वासात जातात आणि काही जणांना दमा जडतो. एकदा शरीराने त्यांच्याशी वैर धरलं की पुढे अगदी थोड्या वासानेही धाप लागते, आणि मग तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा मेडिकलमध्ये मिळणारा कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. बंद स्प्रे बूथ, बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा हे सगळं लागतं. मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये ते असतं. शटर अर्धं ओढून आत फवारा मारणाऱ्या छोट्या गॅरेजमध्ये बहुधा नसतं.

कोरड्या घासकामाची धूळही वाईट. कातडीत टोचून खाज सुटते, घशात खवखवते. शिवाय कार्बन वीजवाहक. त्याची बारीक धूळ ग्राइंडरच्या मोटरमध्ये किंवा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. ओलं घासणं आणि धूळ जागीच खेचून घेणं हे म्हणून केवळ सफाईसाठी नसतं. कोटीच्या गाडीचा मालक वर्कशॉपमध्ये कॉफी घेता घेता लॅकर कोणत्या कंपनीचा ते विचारतो. मुखवटा कोणता, हेही त्याने विचारलं तर दोन मिनिटांत गॅरेजची पारख होईल.

बोल्टच्या बाबतीतही या वीजवाहकपणाचा उपद्रव आहे. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकून पावसात भिजले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम सडतं. बॉनेट पुन्हा बसवताना मधले रबरी वॉशर 'काय गरज आहे' म्हणून फेकून दिले, तर एक-दोन पावसाळ्यांत बिजागरीभोवती पांढरी भुकटी जमते. विमान बनवणारे अशा जागी मध्ये काचतंतूचा पातळ थर घालतात.

हेलिकॉप्टरची फिल्म, मोटारीच्या अंगावर

नवा लॅकर टिकवायचा कसा? आज सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, धंद्यातल्या भाषेत पीपीएफ. तिचा जन्म युद्धातला. व्हिएतनाममध्ये अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळूने झिजायची, म्हणून त्यांच्या कडांना चिकटवायला ही फिल्म निघाली. मोटारींवर ती पुष्कळ नंतर आली. दीड-दोनशे मायक्रॉनची ही कातडी उडालेल्या खड्यांचा मार स्वतः खाते, आणि चांगल्या प्रतीची असेल तर बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने आपोआप बुजतात. सगळ्या गाडीला चढवायची तर खर्च सहज लाखाच्या पुढे जातो. पण नुसतं बॉनेट, पुढचा ओठ आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढ्यावरही बरंच काम होतं. अट एकच, नवा लॅकर पूर्ण वाळल्याखेरीज फिल्म लावायची नाही, नाही तर आतल्या वाफेला वाट मिळत नाही. फिल्म पिवळी पडली तर ती सोलून नवी लावता येते. तोच तिचा मोठा गुण.

सिरॅमिक कोटिंगचा बोलबाला त्याहून अधिक, पण त्याच्याबद्दल जरा जपून. ते असतं एक-दोन मायक्रॉनचं. पाणी त्यावरून मोत्यासारखं घरंगळतं, धुणं सोपं होतं, शिट लगेच चिकटत नाही. खडा मात्र ते अडवू शकत नाही, आणि उन्हाविरुद्धची खरी ढाल लॅकरच. 'दहा वर्षं बघायला नको' म्हणणाऱ्याकडे हसून दुर्लक्ष करावं.

आणि फुकटातला उपाय? सावली. बेसमेंटमध्ये किंवा छपराखाली गाडी ठेवली तर अतिनील किरणांचा प्रश्नच मिटतो. कापडी आवरण घालायचं तर धुळीच्या गाडीवर ओढू नये, ते पॉलिश पेपरसारखं फिरतं. धुवायचं ते सकाळी, बॉनेट गार असताना, आणि जड पाणी असेल तर सुकायच्या आत टिपून घ्यायचं.

ज्यांच्या दारात स्पोर्ट्‌स कार नाही त्यांच्याही घरात हे द्रव्य असतं, बरं का. चांगली बॅडमिंटनची रॅकेट कार्बन फायबरचीच, दुकानदार तिला ग्रॅफाइट म्हणतो. प्रकाश पदुकोण यांच्या या गावात ती गल्लोगल्ली दिसते. दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटवर आपटली आणि रंगाला केसाएवढी चीर पडली तर बोटाने वाजवून पाहावं. मुलांच्या महागड्या सायकलचंही तसंच, फ्रेम उन्हात गॅलरीत टाकून ठेवू नये. उलट स्वस्तात कार्बन फायबर म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं छापील वीण असलेलं प्लॅस्टिकचं स्टिकर असतं. खऱ्या विणीवर बाजूने पाहताना खोली जाणवते आणि वळणावर धागे किंचित तिरके होतात. स्टिकरची नक्षी कुठेही वळली तरी छापल्यासारखी सपाट राहते.

शेवटचा प्रश्न मोडक्या तुकड्यांचा. शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुन्या गाड्यांचं हाडन्‌हाड वेगळं होऊन विकलं जातं. लोखंडाला किलोवर भाव, अ‍ॅल्युमिनियमला त्याहून जास्त, तांब्याला तर विचारायलाच नको. कोटीच्या गाडीच्या तुटक्या कार्बन बॉनेटला मात्र भंगारात काहीच किंमत नाही. ते वितळत नाही, साच्यात पुन्हा ओतता येत नाही. जाळलं तर विषारी धूर आणि हवेत तरंगणारे तंतू. जगात काही कारखाने रेझिन जाळून किंवा विरघळवून धागा परत मिळवतात, पण निघतो तो तुकड्यातुकड्यांचा, पहिल्यासारखा अखंड नव्हे. म्हणून मोडलेले बॉनेट बहुधा गॅरेजच्याच भिंतीला टेकून पडून राहतात. शिकाऊ पोरांना पॉलिश पेपरचा हात बसवायला त्यांच्यावरच बसवतात. पाणी पांढरं कधी आणि काळं कधी, ते त्यांना तिथे कळतं.